कंडिशनर कोणता घ्यायचा आणि कसा लावायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात, ऑफिसात, लग्नकार्यात कुठेही केसांचा विषय निघाला की माझ्याकडे हेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. आधीच सांगते, बाटलीच्या पुढच्या बाजूला काय छापलंय त्यावरून कंडिशनर निवडू नका. आपला केस हाताला कसा लागतो, नळाला कसलं पाणी येतं आणि बाटलीच्या मागे पहिली पाच-सहा नावं कुठली आहेत, एवढं बघितलं तरी पैसे वाया जात नाहीत.

शॅम्पू लावते तेवढं पुरत नाही का?

केस छोटे असतील, कधी रंगवले नसतील, तर पुरतं. लांब केसांना नाही पुरत. केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक चढलेले बारीक खवले असतात आणि त्यांच्यावर तेलकट पदार्थाचा अगदी पातळ थर असतो. ऊन, रोजचं विंचरणं, ड्रायर, ब्लीच यांनी तो थर जातो, खवले उचकटतात आणि केस एकमेकांत अडकायला लागतात. धुतलेल्या ओल्या केसावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधल्या मुख्य घटकावर धन, त्यामुळे तो केसाला जाऊन चिकटतो, आणि केस जिथे जास्त खराब झालाय तिथे ऋण भार जास्त, म्हणून तिथेच जास्त चिकटतो. पाण्याने धुतलं तरी थोडा मागे राहतो आणि खरं काम तोच करतो, गुंता कमी होतो, विंचरताना केस कमी तुटतात. बाहेर आलेला केस जिवंत नसतो त्यामुळे पोषण वगैरे काही मिळत नाही त्याला, कंडिशनर केसाला फक्त जपतो, आणि माझ्या मते तेवढं पुष्कळ आहे.

मुळांना लावायचा की टोकांना?

कानाच्या खालून टोकांपर्यंत. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे कंबरेपर्यंत केस असतील तर टोक ५-६ वर्षांपूर्वीचं आहे. त्याने इतक्या वर्षांचं ऊन, रबरबँड, क्लिपा, सगळं सोसलंय. मुळापाशी असलेला केस गेल्या महिन्यातला, शिवाय त्याला टाळूचं तेल आयतं मिळतंय, त्याला कंडिशनरची गरजच नाही. खूप घट्ट कुरळे केस आणि कोरडी टाळू असेल तर थोडा वर गेला तरी चालतं.

माझे केस कोणत्या प्रकारचे हे ओळखायचं कसं?

ऑनलाइन '२बी', '३ए' असं जे वाचता ती आंद्रे वॉकर या अमेरिकन हेअरस्टायलिस्टच्या वर्गवारीतून आलेली भाषा आहे, १ म्हणजे सरळ, २ वेव्ही, ३ कुरळे, ४ एकदम बारीक वळणाचे. उपयोगाची आहे पण ती फक्त आकार सांगते. कंडिशनरसाठी एकेका केसाची जाडी जास्त महत्त्वाची. गळलेला एक केस चिमटीत धरून फिरवून बघा, बोटांना जाणवलाच नाही तर केस बारीक, स्पष्ट जाणवला तर जाड. आता होतं काय की डोक्यावर केस भरपूर असतात, वेणी चांगली जाड येते, म्हणून बाई स्वतःला जाड केसांची समजते आणि क्रीमसारखा घट्ट कंडिशनर आणते, पण एकेक केस बारीकच असतो त्यामुळे सगळं डोकं चिपचिपीत होऊन बसतं.

दुसरं बघायचं ते केस वाळतात कसे. पाणी लगेच पितात आणि लगेच वाळतात, हाताला राठ लागतात, तर खवले उघडे आहेत, बहुतेक वेळा रंग किंवा ब्लीचमुळे. पाणी वरून घरंगळत राहतं आणि वाळायला दुपार होते, तर खवले घट्ट आहेत, अशा केसांना हलका कंडिशनर आणि धुताना कोमट पाणी. ग्लासभर पाण्यात केस टाकून तो बुडतो की तरंगतो हे बघायची पद्धत सोडून द्या, केसावरच्या तेलाने आणि हवेच्या बुडबुड्यांनी तिचं उत्तर बदलतं.

केस बारीक आहेत, टाळू दुसऱ्याच दिवशी तेलकट होते, कंडिशनर लावला की केस चप्प बसतात. बंद करू का?

बंद नका करू, क्रम उलटा करा. आधी नुसत्या पाण्याने केस ओले करायचे, अर्ध्या लांबीपासून खाली कंडिशनर लावायचा, दोन मिनिटं थांबून धुवायचा आणि मग शॅम्पू फक्त टाळूला लावायचा. खाली वाहून येणारा फेस जास्तीचा कंडिशनर घेऊन जातो. बाटली घेताना पहिल्या चार-पाच नावांत शिया बटर किंवा दोन-तीन तेलं दिसली तर ती ठेवून द्या. केसाला चिकटणारा मुख्य घटक कुठला तेही बघा, सेट्रिमोनियम क्लोराइड वरती असलेला कंडिशनर सहसा हलका असतो, बेहेनट्रायमोनियम क्लोराइड त्यापेक्षा जड. आणि टाळू तेलकट असेल तर एक दिवसाआड काय, रोज धुतली तरी चालते, रोज धुतल्याने टाळू जास्त तेल सोडते असं काही नाही.

कुरळ्या किंवा वेव्ही केसांचं काय?

या प्रश्नावर मी कितीही वेळ बोलू शकते. लहानपणापासून 'केस पिंजारलेत बघ, जरा तेल लावून चापून वेणी घाल' ऐकत मोठ्या झालेल्या कितीतरी मुलींचे केस मुळात छान वेव्ही असतात आणि ते त्यांना पंचविशीत कळतं, कारण तोपर्यंत त्यांनी ते कायम कोरडे असतानाच विंचरलेले असतात. कुरळा केस कोरडा का, तर टाळूचं तेल वळणावळणाने खालपर्यंत पोहोचत नाही, आणि प्रत्येक वळणावर खवले थोडे उघडतात. म्हणून इथे कंडिशनर सढळ हाताने हवा.

पद्धत अशी. शॅम्पू धुतल्यावर केस पिळायचे नाहीत, निथळत असतानाच कंडिशनर लावायचा. गुंता याच वेळी सोडवायचा, आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकांकडून सुरू करून वर वर जायचं. मग डोकं खाली वाकवून ओंजळीत थोडं पाणी घ्यायचं आणि केस टोकांकडून वर दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. चपक चपक असा आवाज यायला लागला आणि केसांच्या बटा आपोआप वेगळ्या झाल्या की पाणी आणि कंडिशनर नीट मिसळले समजा. मग वरवर धुवायचं, अगदी करकरीत होईपर्यंत नाही. टर्किश टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुना सुती टीशर्ट किंवा पंचा घेऊन नुसतं टिपायचं.

त्यावर जेल लागतं, आणि ते घरी होतं. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळायचे, पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतकं दाट झालं की गॅस बंद आणि गरम असतानाच गाळायचं, गार झालं की गाळणीतून उतरतच नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं, वास बदलला की टाकून द्यायचं. केस वाळताना हात लावायचा नाही, पूर्ण वाळल्यावर कडक पापुद्रा येतो तो मुठीत दाबून मोडायचा.

शॅम्पू पूर्ण बंद करून नुसत्या कंडिशनरने केस धुवायची पद्धत मी आपल्याकडे कुणाला सुचवत नाही. घाम, धूळ, तेल एवढं सगळं त्याने निघत नाही आणि टाळू खाजायला लागते. सौम्य शॅम्पू आठवड्यातून एक-दोनदा हवाच.

जाड, राठ, लांब केस?

घट्ट कंडिशनर, तेलं आणि बटर असलेला, बिनधास्त. पाच मिनिटं ठेवा. केसांचे दोन भाग करून लावा, नाहीतर वरच्या वरच लागतो आणि आतले केस कोरडेच राहतात.

बोअरचं पाणी आहे, काहीही लावलं तरी केस झाडूसारखे. काय करू?

कंडिशनर बदलण्याआधी पाण्याचं बघा. नळाच्या तोंडाशी पांढरे थर जमतात, बादलीला आतून पांढरी कड येते, साबणाला फेस येत नाही, म्हणजे पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर आहेत. पुण्याच्या कडेच्या टँकरवाल्या सोसायट्या, मराठवाड्यातली बोअर, सगळीकडे ही तक्रार आहे. हे क्षार केसावर बसत जातात, मग त्यावर कितीही महाग कंडिशनर लावा, फरक कमीच.

महिन्यातून दोनदा असा शॅम्पू वापरा ज्याच्या यादीत डायसोडियम ईडीटीए किंवा टेट्रासोडियम ईडीटीए वरच्या भागात आहे आणि बाटलीवर हार्ड वॉटरसाठी किंवा क्लॅरिफाइंग असं लिहिलंय, ईडीटीए ते क्षार धरून ठेवतं आणि पाण्याबरोबर काढतं. त्यानंतर कंडिशनर न चुकता. रोजच्यासाठी शेवटचे एक-दोन मग पिण्याच्या आरओ फिल्टरचं पाणी घेतलं तरी फरक पडतो, पावसाळ्यात पागोळ्यांचं स्वच्छ पाणी धरता आलं तर फारच छान. मात्र आरओच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी वाया जातं ते केसांना अजिबात नको, त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. आणि शॉवरला लावायचे छोटे फिल्टर घेताना विचार करा, त्यातले बहुतेक क्लोरीन कमी करतात, क्षार तसेच राहतात.

किती घ्यायचा, किती वेळ ठेवायचा?

खांद्यापर्यंतच्या केसांना सुपारीएवढा, कंबरेपर्यंतच्या जाड केसांना त्याच्या तिप्पट सुद्धा. दोन-तीन मिनिटं पुरतात. रात्रभर ठेवून जास्त काही मिळत नाही, उलट केस तासन् तास ओले राहिले की फुगतात आणि वारंवार असं केलं तर कमकुवत होतात.

आमच्याकडे शॉवर नाही, बादलीत कंडिशनर नीट निघत नाही.

मग डोक्यावरून ओतत बसू नका, तसं केलं की पाणी पाठीवरून जातं आणि केसांची आतली बाजू तशीच राहते. मान एका बाजूला कलती करून सगळे केस पुढे घ्या, एका हाताने मगातून पाण्याची बारीक धार सोडा आणि दुसऱ्या हाताची बोटं केसांतून वरून खाली फिरवत राहा. मग दुसरी बाजू. तीन-चार मगांत निघतो. किंवा सरळ पाण्याने भरलेल्या मगात केसांची टोकं बुडवून हलवा, पाणी वाचतं.

सिलिकॉनने केस श्वास घेऊ शकत नाहीत, खरं का?

केस श्वास घेतच नाहीत. डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन ही सिलिकॉन केसावर गुळगुळीत थर देतात, राठ आणि रंगवलेल्या केसांना त्यांचा फायदाच होतो. फक्त यातली बरीच पाण्याने निघत नाहीत, त्यामुळे अगदी सौम्य शॅम्पू वापरत असाल तर साठत जातात आणि केस निर्जीव दिसायला लागतात, तेव्हा अधूनमधून एखादा नेहमीचा फेसाळ शॅम्पू लावावा. युरोपात २०२० पासून धुऊन टाकायच्या प्रॉडक्ट्समध्ये डी४ आणि डी५ या सिलिकॉनवर ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, पण ती पाण्यात, निसर्गात टिकून राहतात म्हणून, केसांचं नुकसान होतं म्हणून नाही.

यादीत अल्कोहोल दिसलं, केस कोरडे होतील ना?

कुठलं अल्कोहोल ते बघा. सीटाइल, स्टिअरिल, सीटेरिल अल्कोहोल ही मेणासारखी घट्ट असतात, कंडिशनरला जो मऊपणा आणि दाटपणा येतो तो यांच्यामुळेच, ती यादीत वर असणं चांगलं. कोरडं करणारी म्हणजे अल्कोहोल डिनॅट आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल, ती स्प्रेमध्ये जास्त असतात.

आम्ही तेल लावतो, मग कंडिशनर कशाला?

दोघांचं काम वेगळं आहे. रेले आणि मोहिले यांचा २००३ चा अभ्यास आहे, त्यात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती आणि केसातलं प्रोटीन धुऊन जाणं कमी करण्यात खोबरेलच पुढे होतं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. दोघंही मॅरिको या खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले, हे ध्यानात ठेवून वाचायचं, पण त्यामागचं रसायन पटण्यासारखं आहे. म्हणजे आजीचं तेल धुण्याआधी आणि कंडिशनर धुतल्यानंतर. तेल रात्रभरच हवं असंही नाही, न्हाण्याआधी तास-दोन तास केसांना, टोकांना लावलं तरी चालतं.

शिकेकाई, जास्वंद, अंडं, दही, केळं?

जास्वंदीची पानं पाण्यात चुरगाळली की जो चिकट रस निघतो तो खरंच केस सुळसुळीत करतो, माझी पहिली पसंती त्याला. मेथी भिजवून वाटली तर तोच गुण, फक्त फार बारीक वाटावी लागते. शिकेकाई आणि रिठा हे केस साफ करणारे, ते कंडिशनर नव्हेत. अंड्यातल्या प्रोटीनचे रेणू इतके मोठे असतात की केसात शिरत नाहीत, आणि फार गरम पाण्याने धुतलंत तर अंडं डोक्यावरच शिजतं. केळ्याचे कण दोन दिवस केसांतून निघत राहतात, करायचंच असेल तर मिक्सरमधून काढून कपड्याने गाळून घ्या. व्हिनेगर नुसतं कधीच नको, मगभर पाण्यात एक चमचा, बस. लिंबू डोक्यावर पिळू नका हो.

मेंदी लावते, काळा रंग लावते, ब्लीच केलंय...

मेंदीचा रंग केसातल्या केराटिनला पक्का बसतो, पण केस कोरडे होतात, म्हणून मेंदी धुतल्यावर त्या दिवशी आणि पुढच्या धुण्याला घट्ट कंडिशनर लावा. ब्लीच हा सगळ्यात मोठा मार, केसावरचा तो तेलकट थर ब्लीचने कायमचा जातो. तिथे अमोडायमेथिकोन असलेला कंडिशनर दर वेळी, आणि आठवड्यातून एकदा हायड्रोलाइझ्ड, म्हणजे बारीक तुकडे केलेल्या प्रोटीनचा मास्क. प्रोटीन रोज नको, केस काडीसारखे ताठ होतात. काळ्या मेंदीच्या पुडीत बऱ्याचदा पीपीडी हे काळा रंग देणारं रसायन असतं, त्याची काहींना भयंकर ॲलर्जी येते, कानामागे थोडी लावून ४८ तास थांबून बघाच.

कंडिशनर लावायला लागल्यापासून केस गळतायत.

कंडिशनरमुळे केस मुळापासून गळत नाहीत. दिवसाला ५० ते १०० केस गळणं ठीकच आहे, आधीच सुटलेले केस गुंत्यात अडकलेले असतात आणि कंडिशनर लावल्यावर ते एकदम हातात येतात, आणि पोटात गोळा येतो. पण खरंच मुठीने गळत असतील तर आठवा, दोन-तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू, टायफॉइड, ऑपरेशन, बाळंतपण काही झालं होतं का. ताणानंतर केस उशिराने गळतात आणि बहुतेकांचे काही महिन्यांत परत येतात. बाटल्या बदलत बसू नका, स्किनच्या डॉक्टरांकडे जा, लोह आणि थायरॉइड तपासून घ्या. बायका स्वतःचं हिमोग्लोबिन सोडून सगळ्यांचं सगळं बघतात.

कोंडा आहे, लावू का?

केसांना लावा, टाळूला नको. कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते आणि ती टाळूच्या तेलावर जगते, म्हणून कोंडा असताना टाळूवर तेल थापणंही बंद. किटोकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाचा शॅम्पू ३ ते ५ मिनिटं टाळूवर ठेवा, त्याने केस राठ होतात म्हणून खालच्या भागाला कंडिशनर.

कपाळावर, पाठीवर पुरळ येतात.

केस धुऊन झाले की वर बांधा आणि मग तोंड, मान, पाठ साबणाने धुवा. बऱ्याच जणींचं एवढ्यानेच थांबतं. पुरळ न येता नुसती खाज सुटत असेल तर यादीत मिथाइलआयसोथायझोलिनोन हे प्रॉडक्ट टिकवणारं रसायन आहे का बघा. ॲलर्जी येते म्हणून युरोपात हे लावून ठेवायच्या क्रीम-लोशनमध्ये चालत नाही, धुऊन टाकायच्या वस्तूंतही अगदी नाममात्र चालतं.

पावसाळ्यात केस फुगतात.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे होणारच, हवेतलं बाष्प केसात शिरतं. या दिवसांत ग्लिसरीन जास्त असलेला लीव्ह-इन, म्हणजे न धुता ठेवायचा कंडिशनर बाजूला ठेवा, ते हवेतला ओलावा अजून ओढतं. धुऊन टाकायचा सिलिकॉनवाला कंडिशनर आणि वाळल्यावर टोकांना सिरमचे दोन थेंब बरे पडतात. ओले केस बांधून लोकलमध्ये चढू नका, तुटतात आणि कुबट वासही येतो.

पोहायला जाण्याआधी?

साध्या पाण्याने केस पूर्ण भिजवा, थोडा कंडिशनर चोपडा, वर कॅप. आधीच भिजलेला केस क्लोरीनचं पाणी कमी पितो.

महागडा घेतला तर खरंच फरक पडतो का?

वासात आणि बाटलीत नक्की पडतो. दोन-तीन रुपयांच्या पुडीत आणि हजाराच्या बाटलीत वरची नावं कितीतरी वेळा तीच असतात. आधी पुडी आणून तीन-चार धुणी वापरून बघा, मग मोठी बाटली. पुरुषांचा वेगळा, मुलांचा वेगळा असंही काही लागत नाही, केस चार बोटांपेक्षा लांब असतील तर घरातलाच लावा.

मुलीच्या डोक्यात उवा झाल्यात, कंडिशनरचा काही उपयोग?

खूप, आणि रडारड कमी होते. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावायचा, स्वस्तातला चालतो, आधी मोठ्या कंगव्याने गुंता काढायचा आणि मग बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत एकेका बटेतून फिरवायची, दर वेळी पांढऱ्या कागदावर पुसून बघायचं. बुळबुळीत झाल्याने उवांना केस धरून पळता येत नाही. लिखा चिकटून राहतात आणि आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून एकदा करून भागत नाही, १ल्या, ५व्या, ९व्या आणि १३व्या दिवशी असं चार वेळा करायचं, आणि घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासायची. फणी दर वेळी कडक गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा.